प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा



गेल्या काही महिन्यांत शिळफाटा, खोपोली, कर्जत या बाजूच्या पालकांकडून आम्हाला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगी बी.एस्सी. आयटी झाली किंवा मुलगा बी.कॉम. झाला, आता ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ व्हायचं म्हणतात. ऑनलाइन क्लासवाले लाखाच्या वर फी सांगतात आणि हप्त्यांची सोयही करून देतात. भरावी का? ज्या घराचा खर्च गॅरेजवर किंवा गाडीच्या फेऱ्यांवर चालतो, तिथे चुकीचं उत्तर फार महागात पडतं.

आधी हे काम काय ते पाहू. शिळफाट्यावर वडापावच्या गाडीवर पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा तुम्ही पाहिला असेल. गर्दीच्या वेळी विक्रेत्याचे हात तेलात आणि पिठात असतात. फोन उचलून मेसेज वाचायला त्याला सवड नसते आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारेही भेटतात. त्याची ही अडचण ओळखायची, त्यावर काय बनवायचं ते ठरवायचं, ते इंजिनिअर आणि विक्रीवाल्यांकडून तडीस न्यायचं आणि दुकानदार ते खरंच वापरतो का हे तपासत राहायचं. हे काम सांभाळणारा तो प्रॉडक्ट मॅनेजर.

हे पद काही काल जन्मलेलं नाही. 1931 मध्ये अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाने एक टिपण लिहिलं. प्रत्येक साबणाची पूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसं हवीत, असं त्याचं म्हणणं होतं. तिथून ही पद्धत पसरली. आपल्याकडे औषध कंपन्यांतही प्रॉडक्ट मॅनेजर असतात. अनेक जण एम.आर.ची नोकरी करून त्या जागेवर पोचतात. म्हणून जाहिरात वाचताना ती औषधाची आहे की सॉफ्टवेअरची, हे आधी पाहा. दोन्हींची तयारी वेगळी.

आता एक कडू गोष्ट. सॉफ्टवेअरमध्ये पदवीनंतर थेट ही नोकरी मिळणारे थोडेच. गूगलने 2002 पासून नवख्यांसाठी ‘असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर’ योजना चालवली, पण अशा जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी. बहुतेक जण आधी ग्राहक सेवा, टेस्टिंग, डेटा किंवा बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या कामाला लागतात आणि दोन-चार वर्षांनी आतूनच या कामाकडे वळतात. तेव्हा पहिली नोकरी लहान वाटली म्हणून नाकारू नका.

शिकायचं कुठे? सुरुवात जवळजवळ फुकटात होते.

एक, सरकारचं ‘स्वयम’ पोर्टल. 2017 पासून ते चालू आहे. त्यावर आयआयटीच्या ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रम असतात, मार्केटिंग, डिझाइन, व्यवस्थापन असे विषय निवडता येतात. शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. नवी सत्रं साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात.

दोन, ‘कोर्सेरा’वरचा व्हर्जिनिया विद्यापीठाचा डिजिटल प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम. पैसे नसतील तर तिथे आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो.

तीन, ‘खान अकॅडमी’वर संख्याशास्त्र आणि एसक्यूएल. हिशोब आणि आकडे न समजणाऱ्याला या कामात कोणी विचारत नाही. सोबत एक्सेल पक्कं करा.

चार, पुस्तकं. डॉन नॉर्मन यांचं ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ दाराच्या मुठीपासून शेगडीच्या बटणापर्यंत रोजच्या वस्तू नीट पाहायला शिकवतं. मार्टी केगन यांचं ‘इन्स्पायर्ड’ या व्यवसायाची ओळख करून देतं. रॉब फिट्झपॅट्रिक यांचं छोटंसं ‘द मॉम टेस्ट’ आम्हाला सर्वात उपयोगी वाटतं. त्याचा सारांश असा: आपली कल्पना कशी आहे हे अम्मीला विचारू नका, ती प्रेमापोटी छानच म्हणेल. त्याऐवजी ही अडचण शेवटची कधी आली, तेव्हा काय केलं, किती खर्च आला, असं विचारा.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांनी घाबरू नये. रोज दोन पानं वाचावीत आणि समजलेलं आपल्या भाषेत घरच्यांना सांगावं. घरच्यांना कळलं तर आपल्यालाही कळलं असं समजावं.

आता सराव, कारण मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा केलेलं काम विचारतात. ‘एम-इंडिकेटर’ घ्या. खोपोलीच्या लोकलचं वेळापत्रक त्यात इंटरनेट नसतानाही दिसतं. असं का केलं असेल, कोणाची सोय झाली, अजून काय कमी आहे, हे एका पानावर लिहा. मग आसपासची एक अडचण निवडा. शिवणकाम करणाऱ्या पाच बायकांना त्या ऑर्डर आणि उधारी कशी लिहून ठेवतात ते विचारा. इथे आपल्या मुली पुढे आहेत. त्यांच्याशी बायका मोकळेपणी बोलतात आणि या बायकांना काय हवं हे एरवी फारसं कोणी विचारत नाही. कोणाची अडचण, आज ते काय करतात, सर्वात लहान उपाय कोणता, तो लागू पडला हे कशावरून कळेल, या चार प्रश्नांची उत्तरं लिहा. अशी तीन पानं तयार झाली की मुलाखतीत दाखवायला काहीतरी हातात असतं.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. घरात एकच फोन असेल तर मुलीला त्यातला रोजचा एक तास ठरवून द्या, आणि त्या तासात तिला स्वयंपाकघरातून हाक मारू नका.

दुसरी गोष्ट फीची. ‘सोपे हप्ते’ हे बहुतेकदा वित्त कंपनीचं कर्ज असतं. क्लास मध्येच सोडला तरी हप्ते थांबतीलच असं नाही. सही करण्याआधी कर्ज कोण देतंय, व्याज आणि दंड किती, क्लास सोडल्यास काय परत मिळेल, हे लेखी मागा. सूद टाळणाऱ्या घरांनी ‘बिनव्याजी’ या शब्दावर विसंबू नये, करारातली एकूण रक्कम मोजावी. ‘नोकरीची हमी’ म्हणत असतील तर तिच्या अटीही लेखी घ्या.

आमचा सल्ला असा की आधी सहा महिने वर सांगितलेल्या साधनांवर घालवा. तेवढ्यात गोडी टिकली आणि तीन पानं लिहून झाली, तर पुढे कोणता क्लास हवा हे मुलं स्वतःच सांगतील. गोडी टिकली नाही, तरी एक्सेल आणि आकडे शिकलेली मुलं दुसऱ्या नोकरीत कामाला येतील, आणि घरावर कर्ज नसेल.