गोंडी गाण्यांचे दफ्तर कोणी सांभाळायचे?

आमच्या कार्यालयातील एक शिपाई बिजापूर जिल्ह्यातला आहे. कर्नाटकातील विजापूर नव्हे, दक्षिण बस्तरातील बिजापूर. घरची भाषा गोंडी. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचा मोबाइल भिजून बंद पडला आणि तो माझ्याकडे आला. नव्या फोनसाठी अग्रिम हवा असेल, असे मला वाटले. पण त्याला एवढेच विचारायचे होते, की जुन्या फोनच्या मेमरी कार्डावरचे काही परत मिळेल का? त्या कार्डावर त्याच्या दिवंगत आईची चार गाणी होती. तिचे माहेर २००५ नंतरच्या धामधुमीत उठले आणि माणसे पांगली. तेथील पाड्यांची, देवांची, पाणवठ्यांची नावे त्या गाण्यांतच काय ती उरली होती. भिलाईतील दोन दुकानांत दाखवले, तरी कार्ड उघडले नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या बहुतेक मराठी वाचकांना भिलाई ठाऊक असते ती पोलादासाठी. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्याची छायाचित्रे आहेत, भाषणे आहेत, फायली आहेत. येथून एका रात्रीच्या बस प्रवासावर असलेल्या मुलखाची गोष्ट निराळी. २००५ मध्ये माओवाद्यांविरुद्ध ‘सलवा जुडूम’ उभी राहिली. गावेच्या गावे रस्त्याकडेच्या शिबिरांत आणली गेली, कोणी जंगलात शिरले, कोणी तेव्हाच्या आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात, गेले. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी दिला. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. ताडमेटला हे नाव घ्या. ६ एप्रिल २०१० रोजी त्याच्या परिसरात ७६ जवान मारले गेले. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात ताडमेटला आणि शेजारच्या गावांतील घरे जाळली गेली. त्याचा तपास सीबीआयकडे गेला. एका गावाच्या नावावर दोन शोक आहेत. दोन्ही सांगणारी माणसे आज जिवंत आहेत.

युद्धात सापडलेल्या शहरांचा वारसा वाचवण्याच्या चर्चेत मोसुलचे उदाहरण हटकून येते. तेथील संग्रहालयातील मूर्ती २०१५ मध्ये फोडल्या गेल्या, तेव्हा जगभरच्या लोकांनी पूर्वी काढलेली छायाचित्रे गोळा करून संगणकावर त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा उभ्या करण्यात आल्या. काम चांगलेच होते. पण तेथील वस्तू दगडाची होती आणि तिचे फोटो आधीच निघालेले होते. बस्तरात हरवले ते आवाजाचे आहे. तेथे कॅमेऱ्यापेक्षा कान हवा.

असा कान एकदा उपलब्ध झाला होता. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा. यंत्रणा उलट फोन करते. बोलायचे असेल तर एक कळ, ऐकायचे असेल तर दुसरी. संपादक तपासून ते प्रसिद्ध करीत. रोजगार हमीची थकलेली मजुरी, बिघडलेला हातपंप आणि त्यांच्या शेजारीच गोंडी, कुडुख, छत्तीसगढी गाणी. तक्रारीसोबत संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांकही दिला जाई, आणि अनोळखी माणसे दूरच्या शहरांतून त्याला विचारणा करीत. आमच्या बिरादरीतील अनेकांना हे रुचले नाही. मला विचाराल, तर त्या काळात खालची खबर वर पोचवणारी याहून स्वस्त यंत्रणा सरकारजवळ नव्हती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातील मर्म चटकन कळते: बोलणाऱ्याचा खर्च शून्यावर आणला, म्हणून बोलणारे मिळाले. पुढे जेथे नेटवर्क नाही तेथे ब्लूटूथने फोनवरून फोनवर ध्वनिफिती जाऊ लागल्या. लोकांनी त्याला ‘बुल्टू रेडिओ’ म्हटले.

मात्र ध्वनिमुद्रण म्हणजे जतन नव्हे, आणि माझा मुद्दा येथेच आहे. मुद्रणाचा खर्च एकदाचा असतो, जतनाचा दरवर्षीचा. पुण्याचे पेशवे दफ्तर आज अभ्यासता येते ते आपले पूर्वज इतिहासप्रेमी होते म्हणून नव्हे, तर महसुलासाठी पगारी कारकून बसवले होते म्हणून. गोंडांकडेही अशी व्यवस्था होती. परधान हा त्यांचा वंशावळी सांगणारा, देवांच्या कथा गाणारा. यजमान घराणी त्याला धान्य आणि जनावरे देत. आपण त्याला लोककला म्हणतो. वास्तविक ते वर्षासन होते.

आमच्या अर्थसंकल्पात मात्र इमारत सहज मंजूर होते, वर्षासन होत नाही. १ नोव्हेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे भव्य संग्रहालय सुरू झाले. १९१० च्या भूमकालाला त्यात स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे ॲप प्राथमिक स्वरूपात आणले. त्यात गोंडी आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी जी मातृभाषा सांगितली आणि जी आठव्या अनुसूचीत नाही, तिला हा मान मिळाला याचा आनंद आहे. तथापि भाषांतर यंत्राला वाक्ये हवी असतात. उठून गेलेल्या पाड्याचे नाव काय आणि ते कोणाच्या गाण्यात आहे, हा त्याचा प्रश्न नव्हे. त्यासाठी गोंडी ऐकून लिहून घेणारी, गाव, गायिका, साल यांची नोंद करणारी तरुण मुले दरमहा वेतनावर हवीत. तालुक्याला दोन जरी नेमली, तरी एखाद्या सभागृहाच्या वातानुकूलनापेक्षा खर्च कमी येईल, असा माझा अंदाज आहे.

पण मग हे सगळे सरकारने आपल्या ताब्यात घ्यावे का? सरकारी नोकरीत आयुष्य घालवूनही मी नाही म्हणेन. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने २००१ पासून उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. तुमच्या मृत्यूपर्यंत त्या उघड होणार नाहीत, असे सांगून. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या वतीने अमेरिकी न्यायालयामार्फत त्या मागवल्या गेल्या, आणि काही द्याव्या लागल्या. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ आहे. त्याखाली तपासासाठी दस्तऐवज मागता येतो. कोणत्या रात्री कोणी कोणाच्या घरी जेवण मागितले, हे एखादी म्हातारी सहज सांगून जाते. उद्या ती जबानी ठरली तर? म्हणून गाणी, वंशावळी, स्थळनामे यांचे दफ्तर वेगळे असावे आणि झाल्या अत्याचारांची कथने वेगळी. दुसऱ्या प्रकारात बोलणाऱ्याला आधीच सांगावे, की कायद्यापुढे आम्ही तुझे रक्षण करू शकणार नाही. ते ऐकून काही जण गप्प राहतील. राहू द्यावेत. मूळ प्रत ग्रामसभेकडे, दुसरी एखाद्या विद्यापीठात, आणि पैसा सरकारचा. किल्ली मात्र सरकारकडे नको. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. ज्यांना शाळा चालवता येते त्यांना दफ्तरही सांभाळता येईल.

आमच्या शिपायाची मावशी तेलंगणात राहते. गेल्या उन्हाळ्यात रजा घेऊन तो तिच्याकडे गेला. चारांपैकी दोन गाणी तिला येत होती. तिसऱ्याचे धृपद तेवढे आठवले. त्याने ती मुद्रित करून आणली आणि कार्यालयाच्या संगणकावर ठेवता येतील का, असे विचारले. नियमाने येत नाहीत. दोन पेन ड्राइव्ह विकत आणून एक त्याला दिला. दुसरा माझ्या घरच्या कपाटात आहे. माझी बदली कधीही होईल.