विश्लेषण : मोलिब्डेनम जालन्याच्या जमिनीत नाही, भंगारात मात्र आहे!

पोलादाला बळ देणाऱ्या मोलिब्डेनमचा केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या यादीत समावेश केला. देशात त्याच्या धातुकाचे उत्पादन होत नाही, गरज आयातीवर भागते. सळयांचे शहर असलेल्या जालन्याचा या धातूशी काय संबंध? त्याचा शोध नेमका कसा घेतात? आणि खाणीची वाट न पाहता काय करता येईल?

मोलिब्डेनम कशासाठी लागते?

हा करड्या रंगाचा धातू २,६२३ अंश सेल्सिअसला वितळतो. पोलादात तो चिमूटभर मिसळला, तरी पोलाद तापल्यावर नरम पडत नाही आणि क्षारांमुळे लवकर गंजत नाही. गाड्यांचे गिअर, यंत्रांचे शाफ्ट, बॉयलरच्या नळ्या, औषध कारखान्यांतील ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील या सगळ्यांत तो असतो. डिझेलमधील गंधक काढण्याच्या प्रक्रियेतही तो लागतो. तूर, हरभरा, सोयाबीनच्या मुळांवरील गाठींना हवेतील नत्र पकडायलाही तो अत्यल्प प्रमाणात हवाच असतो.

आता चर्चा का?

चीन हा मोलिब्डेनमचा सर्वांत मोठा उत्पादक. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, इंडियम यांच्यासोबत मोलिब्डेनमच्या काही उत्पादनांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. त्याच्या काही दिवस आधीच केंद्रीय मंत्रिमंडळाने १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी दिली होती. त्यात २०३०-३१ पर्यंत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १,२०० शोधप्रकल्प हाती घ्यायचे आहेत. साहजिकच ‘आपल्याकडे काही आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात विचारला जाऊ लागला.

जालन्याच्या जमिनीखाली ते का नाही?

साध्या खडकात मोलिब्डेनम टनामागे जेमतेम एक-दीड ग्रॅम असते. ते एका जागी साठायला ग्रॅनाइटसारखा सिलिकायुक्त शिलारस खोलवर हळूहळू निवावा लागतो. त्यातून सुटलेले उष्ण द्राव भेगांत शिरतात आणि तिथे मोलिब्डेनाइट हे शिशासारखे मऊ, चकचकीत खनिज जमा होते. जालना मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरून थिजलेल्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे काळ्या पाषाणावर उभे आहे. या खडकाची घडणच वेगळी.

त्याच्या तळाशी जुना ग्रॅनाइटी खडक आहे, हे मराठवाड्यानेच दाखवून दिले. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या वैज्ञानिक बोअरमध्ये सुमारे ३४० मीटर काळा पाषाण पार केल्यावर तो लागला. पण इतक्या जाड आवरणाखाली काय दडले आहे, हे वरून उमगत नाही. ओढ्यातल्या गाळाचे नमुनेही उपयोगी पडत नाहीत, कारण तो गाळ वरच्याच दगडाचा असतो.

मग शोध कुठे?

जिथे जुना खडक उघडा आहे तिथे. तमिळनाडूत धर्मपुरी जिल्ह्यातील हरूर पट्ट्यात मोलिब्डेनमचे साठे नोंदले आहेत. आपल्या गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड या तांब्याच्या खाणीतही मोलिब्डेनाइट आढळते. ते सुमारे २४९ कोटी वर्षे जुने असल्याचे अभ्यासातून निघाले आहे. जगातही बरेचसे मोलिब्डेनम तांब्याचे जोडउत्पादन म्हणूनच मिळते. त्यामुळे महाराष्ट्रात आशा ठेवायचीच, तर ती पूर्व विदर्भाच्या जुन्या खडकांकडून.

सापडले म्हणजे खाण झाली का?

नाही. आधी नकाशे आणि गाळ-मातीचे नमुने, मग खडकात वीज सोडून घेतलेली मापने, मग ड्रिलिंग. एका छिद्रात चमक दिसली तरी साठ्याचा आकार ठरवायला अनेक छिद्रे लागतात. दुर्गम भागात रस्ता, पाणी, वीज आणि वनपरवानगी यांचा हिशेब वेगळा. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या पर्वतात क्लायमॅक्सचे धातुक १८७९ मध्ये दिसले. खाणीला चालना मिळाली ती पहिल्या महायुद्धात चिलखती पोलादाची मागणी वाढल्यावर. बहुतेक ‘शोध’ अहवालातच राहतात.

भंगारात किती असते?

मोलिब्डेनमसाठीच चालणाऱ्या चांगल्या खाणीत टनभर खडकातून साधारण एक ते तीन किलो मोलिब्डेनम मिळते. क्रोम-मॉली पोलादाच्या टनभर जुन्या शाफ्टमध्येही दीड ते अडीच किलो असते, तर ३१६ स्टेनलेसमध्ये २० ते ३० किलो! तेही दगड न फोडता.

जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्नवर चालतात. ३१६ स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते सहज वेगळे निघते आणि चढ्या भावाने विकले जाते. क्रोम-मॉली पोलाद मात्र चुंबकाला चिकटते आणि साध्या लोखंडासारखेच दिसते. ते सरसकट भट्टीत गेले की त्यातले मोलिब्डेनम जळून मळीत जात नाही. लोखंडाबरोबरच राहते आणि शेवटी सळईत उतरते. तिथे त्याची गरज नसते. स्लॅबमध्ये गाडलेल्या सळईतून ते परत मिळवणे परवडणारे नाही.

मग करायचे काय?

भंगाराची प्रतवारी. हातात धरून वापरायचे क्ष-किरण विश्लेषक काही सेकंदांत तुकड्यातील मोलिब्डेनम दाखवतात. त्यांची किंमत लाखांत असल्याने छोट्या भंगार व्यापाऱ्याला ते परवडत नाहीत; औद्योगिक वसाहतीत सामायिक तपासणी केंद्र उभारणे शक्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. तिचा भर ई-कचरा, बॅटऱ्या आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसारख्या भंगारावर आहे. मिश्रपोलादाचे भंगारही त्यात यावे, ही मागणी जालन्याने लावून धरायला हवी.

अर्थात वेगळे काढलेले भंगार घेणारा हवा. इंडक्शन भट्टीत गंधक आणि फॉस्फरस नीट निघत नाहीत. गिअरचे पोलाद करायचे तर शुद्धीकरणाची पुढची यंत्रणा आणि वाहन कंपन्यांची मान्यता लागते. पण ते पोलाद वापरणारा वाहन उद्योग शेजारच्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. नव्या खाणीला दशक-दोन दशके लागतील आणि ती निघेलच याची हमी नाही. भंगाराचे ट्रक मात्र रोज दारात उभे आहेत. खनिज धोरणाची चर्चा जमिनीखाली शोधण्यापुरती ठेवली, तर हाती आलेले मोलिब्डेनम आपण सळईच्या भावाने विकत राहू.