लघवीच्या गोळीबरोबर वजनकाटाही द्या

तुळजापुरात दवाखाना चालवताना नवरात्रानंतरचा आठवडा मला धास्तीचा वाटतो. आडवं झालं की दम लागतो, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, अशी माणसं तेव्हा येतात. हृदयाचं पंपिंग कमी असलेली, पण औषधांवर बरी चाललेली. एका आजींना विचारलं, गोळ्या घेता ना? "डॉक्टर, देवीचा उपास होता. उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची?" नऊ दिवस गोळ्या बंद; साबुदाण्याची खिचडी, वेफर्स मात्र रोज. सैंधव चालतं, हा आपल्याकडचा पक्का समज. सैंधवातही सोडियमच असतं आणि तेच अंगात पाणी धरून ठेवतं. त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी! तिनेही पाणी साठतं.

हे दम लागण्याआधी कळू शकतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करायचं. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आजींच्या घरी काटाच नव्हता. मध्यरात्री गाडी करून सोलापूर, 45 किलोमीटर, आणि पुढे अतिदक्षता विभागाचं बिल. त्यापुढे काट्याची किंमत ती काय?

आशाताई तिशीपुढच्यांच्या बीपी-शुगरची चौकशी करत घरोघरी फिरतातच. सरकारने हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या रुग्णांना काटा द्यावा, आशाताईंनी आठवड्याला वजनाच्या नोंदींची वही बघावी, आणि त्याचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा.

आजींना मी माझ्याकडचा काटा दिला. नातू रोज सकाळी आकडा कळवतो. आज 48, कालच्याइतकाच.