जिवाणी परत कुठे घालायची?



महावीर जयंतीला बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन पंचगंगेत सोडायचे, असं आमच्या महिला मंडळात ठरलं आणि मी एकटीच "नको" म्हणाले. तेव्हापासून दोघीतिघी माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणून इथे लिहिते.

अभयदानाला माझा विरोध नाही. पण चैत्रात नदी पाहिलीत का? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एवढ्या नद्या मिळून झालेली पंचगंगा, आणि बंधाऱ्यांना बरगे घातले की तिचे एकामागे एक डोह होतात. काठाने मोटारी चालू. उरलेल्या पाण्यात सांडपाणी आणि मळी उतरते आणि एखाद्या सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसतात. त्या पाण्यात पन्नास मासे सोडणं हे अभयदान कसलं? बाजारातल्या मरणाऐवजी नदीतलं मरण, एवढंच.

आपण सुनांना शिकवतो की पाणी गाळलं की जिवाणी जिथलं पाणी तिथेच हळूच परत घालायची, जीव आपल्या घरी पोचला पाहिजे. केवढा बारीक विचार! आणि त्याच घरची दहा एचपीची मोटार नदीचं ते घरच उपसून उसाला पाजते. "शेतीचं पुरुष बघतात" म्हणू नका. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे.

"ऊस नको तर खायचं काय?" हे मला सासरीच ऐकवलं गेलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. माझी भाची अमेरिकेत नेब्रास्काला असते. तिथली प्लॅट नदी मक्याच्या मुलखातली, जशी आपली उसाच्या. धरणं-कालव्यांनी तीही आटली, वाळूचं मोकळं पात्र झाडोऱ्यानं भरलं आणि तिथे उतरणाऱ्या हूपिंग क्रेन या पांढऱ्या क्रौंचांना जागा उरली नाही. 1941 च्या सुमारास ते जेमतेम वीसेक शिल्लक होते. मग पक्ष्यांसाठीचा कायदा आणि शेतकऱ्याचं पाणी यांचं भांडण जुंपलं. शेवटी कोलोरॅडो, वायोमिंग, नेब्रास्का ही तीन राज्यं, केंद्र सरकार, पाणी वापरणारे आणि निसर्गसंस्था एकत्र बसल्या. वाटाघाटींना दहा वर्षं लागली. 2007 पासून सगळे मिळून ठरवतात, कुठलं पाणी कधी सोडायचं, कुठली जमीन पक्ष्यांसाठी राखायची. मका बंद झाला नाही. मला सगळ्यात भावलं ते हे, की मॅकोनॉही धरणात पर्यावरणाच्या नावाचं पाण्याचं खातंच आहे. पतसंस्थेत आपलं असतं तसं. पक्ष्यांना गरज पडली की त्यातून पाणी सुटतं. आज त्या क्रौंचांचा मुख्य थवा पाचशेच्या वर गेलाय. श्रेय एकट्या प्लॅटचं नाही, पण वाटेतला तो मुक्काम राखला गेला, हे खरं.

आणि सहकार आपण नेब्रास्काकडून शिकायचा? दूध सहकारी, साखर सहकारी, पाणीपुरवठा संस्था सहकारी. पाणी उपसायला इतक्या संस्था, नदीत राखायला एक नाही! दख्खनच्या नद्यांत नाकावर उंचवटा असलेला एक मासा आहे, नुक्टा. मराठी माणसं त्याला म्हणायची तेच नाव शास्त्रातही गेलं. तो आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याच्या नावाचं खातं कुठल्या धरणात आहे?

पाणी संस्थेच्या वार्षिक सभेला ज्यांच्या नावावर शेअर आहेत त्या बायकांनी स्वतः जायचं, सही करून नवऱ्याला पाठवायचं नाही. सरकारची उपसाबंदी आपण शिव्या देत पाळतो. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याचा एक दिवस आपणच ठराव करून मोटारी बंद ठेवायच्या, आणि वरच्या-खालच्या गावांनी एकाच दिवशी, नाहीतर वरचे सोडतील ते खालचे ओढतील. ठिबकनं वाचलेलं पाणी नदीत राहू द्यायचं. त्यावर आणखी एकरभर ऊस लावला तर ठिबकचा नदीला काय उपयोग?

माशांसाठी काढलेली वर्गणी या बैठकांच्या जाण्यायेण्याला वापरा, असं मी मंडळात पुन्हा मांडणार आहे. घरी आमच्या दोन एकरांवर ठिबक बसतंय. आठवड्याच्या त्या एका दिवसावरून मात्र यजमानांशी वाद अजून चालू आहे.