चुलीवरची रसायनशाळा

दिवाळी तोंडावर आली की गोव्यातील बाजारांना एक निराळाच गंध येतो. नागरमोथा, कचोरा, वाळा आणि आंबेहळद यांचा तो मिश्र सुवास आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा आहे. अलीकडे मात्र त्यात आणखी काही वास मिसळू लागले आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून पणजीतील प्रदर्शनांपर्यंत, जेथे स्वयंसाह्य गटांच्या भगिनी लोणची, पापड आणि आगळ घेऊन बसत, तेथे आता नारळतेलाच्या साबणवड्या, कोरफडीची मलमे, दासवणीचे तेल आणि ओठांना लावावयाच्या मेणाच्या डब्या मांडलेल्या दिसतात. बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोन शब्द हमखास असतात : ‘घरगुती’ आणि ‘नैसर्गिक’. या दोन शब्दांच्या भरवशावर गिऱ्हाईक पैसे मोजते. हा भरवसा टिकावा असे ज्यांना वाटते त्यांनीच त्याविषयी स्पष्ट बोलावयास हवे.

अशी एक बरणी आमच्याही घरी आली होती. कोरफड, गुलाबपाणी, बदामतेल आणि मेण यांचे पांढरेशुभ्र मलम. दिवस पावसाळ्याचे. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी झाकण उघडून उजेडात धरले, तेव्हा कडेला हिरवट-काळे ठिपके उमटलेले आणि तळाशी पाणी सुटलेले दिसले. घरातील एका लहान मुलीच्या गालाला ते रोज लावले जात होते. तिच्या गालावर पुरळ उठले होते. ते त्या मलमाने की उकाड्याने, हे आम्ही सांगू शकत नाही. मलम करणाऱ्या बाईंचे साहित्य शुद्ध होते, हेतू निर्मळ होता आणि हातही स्वच्छच असणार. चूक घडली ती अन्यत्र. तेलाच्या बरणीत पाणी शिरले होते, आणि पाण्याबरोबर आणखी काय शिरते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक होते काय? शब्दांत नव्हते, व्यवहारात होते. त्यांची प्रसाधने आठवून पाहावीत. उटणे कोरडे. शिकेकाई आणि रिठा कोरडे. केसांचे तेल म्हणजे निव्वळ तेल, आणि ते चुलीवर ठेवताना पाला तडतडायचा थांबेपर्यंत, म्हणजे त्यातील पाणी उडून जाईपर्यंत, उतरवावयाचे नाही असा दंडक. काजळ म्हणजे काजळी आणि तूप. हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या की भिरंडेल. भिरंडाच्या बिया फोडून, मगज वाटून, पाण्यात उकळून वर तरंगणारी चरबी काढावयाची आणि थंड झाली की मुठीत दाबून तिचा गोळा करावयाचा. सिंधुदुर्गात त्याला मुठेल म्हणतात ते याच मुठीवरून. हा गोळा वर्षभर फडताळात राहतो. याउलट ज्यात पाणी आले ते सारे तेव्हाचे तेव्हा. नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणे नारळाच्या रसात कालवले जाते ते न्हाणीघराच्या दारात, आदल्या रात्री नव्हे. दासवणीची पाने चुरडून काढलेला बुळबुळीत रस केसांना लागला की उरलेला माडाच्या आळ्यात जातो. तो बाटलीत भरून ठेवण्याची कल्पना कोणाला सुचली नाही, आणि सुचली असती तर दुसऱ्या दिवशीच्या वासाने ती सोडून द्यावी लागली असती. तुपात पाणी घालून ते शंभर वेळा फेटून धुण्याचे शतधौत घृत तेवढे या नियमाला अपवादासारखे दिसते. पण तेही वैद्य थोडे थोडे करीत.

आजची नवशिकी मात्र आरंभच करते तो मलमाने, आणि तेथेच घोटाळा होतो. मलम म्हणजे तेल आणि पाणी यांचे सख्य. ही दोन द्रव्ये नुसत्या घोटण्याने एकत्र नांदत नाहीत. त्यांना बांधून ठेवणारे तिसरे द्रव्य, पायसीकारक, लागते. मधमाश्यांचे मेण एकट्याने ते काम नीट करीत नाही. मिश्रण दाट दिसते, आठ दिवसांनी पाणी सोडते. शिवाय ज्या बरणीत पाणी आहे तेथे जीवाणू आणि बुरशी यांना अन्नपाणी दोन्ही मिळाले. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, मध, ताक, तांदळाचे पाणी ही सगळी त्यांना मेजवानीच. बुरशीचे ठिपके निदान डोळ्यांना दिसतात. जीवाणू लक्षावधींनी वाढले तरी मलम पांढरेशुभ्रच राहू शकते. त्यांना रोखण्यासाठी परिरक्षक द्रव्य मापून घालावे लागते. ‘आम्ही रसायन वापरीत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या भगिनी जीवनसत्त्व ‘ई’ची एक गोळी फोडून घालतात व निर्धास्त होतात. ती गोळी तेलाला खवट होऊ देत नाही, हे खरे. जीवाणूंचे ती काहीही वाकडे करीत नाही. लोणच्यासरबतांतले सोडियम बेन्झोएट पुष्कळांच्या परिचयाचे आहे, पण तेही आम्लातच काम करते. मिश्रणाचा सामू पाचाच्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो. हा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, पाहावयास रंग बदलणारे कागद मिळतात. ते महागही नसतात. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा दोनच्या जवळ, खाण्याच्या सोड्याचा आठाच्या वर. ही दोन्ही द्रव्ये चेहऱ्यावर चोळण्याचे सल्ले आज घरोघरी पोचले आहेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजून फोड येतात, हे त्या सल्ल्यांबरोबर पोचत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला तर समजण्याजोगे आहे. गोमंतकीयाने तो विचारू नये. ओल्या काजूबिया फोडून बोटांची सालपटे निघालेली, ओठांवर काळे डाग पडलेली मुले आपण दर उन्हाळ्यात पाहतो. काजूच्या टरफलातील तेल, बिब्बा, खाजकुयली ही सारी निसर्गाचीच देणगी. दालचिनीचे आणि लवंगेचे अर्क तर इतके तीव्र की चेहऱ्याच्या तेलात कोणताही सुगंधी अर्क शेकडा एकाच्या वर जाऊ नये, आणि हे दोन तर टाळलेलेच बरे. उलट बाजूने, बाजारात जे हळद म्हणून मिळते ते सगळे हळद असतेच असे नाही. पिवळेपणासाठी तीत शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. तेव्हा उटण्यासाठी आणि कुंकवासाठी हळकुंडे आणून घरी दळावीत, हा जुना आग्रह केवळ सोवळ्याचा नव्हता.

साबणाची गोष्ट आणखी निराळी. येथे घाबरावयाचे कारण पाणी नसून कॉस्टिक सोडा आहे. कॉस्टिकवाचून साबण होत नाही. ‘कॉस्टिकविरहित घरगुती साबण’ असे जे विकले जाते ते बहुधा दुसऱ्याने आधीच कॉस्टिक घालून तयार केलेली लादी वितळवून, रंगवून पुन्हा ओतलेली असते. त्यात गैर काही नाही, फक्त ते तसे सांगावे. स्वतः साबण करावयाचा तर एक हजार ग्रॅम नारळतेलाला 183 ग्रॅम कॉस्टिक लागतो आणि तितक्याच ऑलिव्ह तेलाला सुमारे 135. म्हणजे ऑलिव्हच्या जागी नारळ किंवा नारळाच्या जागी ऑलिव्ह घालून कृती तीच ठेवली तर 48 ग्रॅमांचा फरक पडतो. एका बाजूला चिकट गोळा, दुसऱ्या बाजूला कातडी जाळणारी वडी. जाणकार हिशेबापेक्षा पाच टक्के कॉस्टिक कमीच घालतात, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते. निव्वळ नारळतेलाचा साबण त्वचा कोरडी करतो म्हणून त्यात याहूनही अधिक तेल राखतात. हा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. चमच्याचे माप येथे चालत नाही. आपल्या दमट हवेत, विशेषतः आषाढ-श्रावणात, उघड्या डब्यातील कॉस्टिक हवेतील पाणी ओढून घेतो. मग काटाही फसवा आकडा दाखवतो. डबा घट्ट बंद हवा. पाण्यात कॉस्टिक घालावा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य, डोळ्यांवर चष्मा, मुले आणि मांजरे स्वयंपाकघराबाहेर. अंगावर थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नये, भरपूर पाण्याने धुवावे. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे वाऱ्यावर राहू द्याव्यात.

मग नवशिकीने आरंभ कोठून करावा? आमच्या मते आजीच्या क्रमाने. प्रथम कोरडे : उटणे, तेही कडकडीत वाळवलेल्या साहित्याचे आणि थोडेथोडे. मग निव्वळ तेलाचे : 20 ग्रॅम मेण, 30 ग्रॅम भिरंडेल आणि 50 ग्रॅम नारळतेल मंद आचेवर, गरम पाण्यात भांडे धरून वितळवले की ओठांचे व टाचांचे उत्तम मलम होते; त्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून परिरक्षकाचीही गरज नाही, मात्र ओले बोट डबीत घालू नये. वैशाखात ते पिशवीत वितळू लागले तर मेण पंचवीसवर न्यावे आणि तेल तितके कमी करावे. हाताला तराजूची सवय झाली, केलेल्या प्रत्येक घाण्याची तारीख व वजने वहीत उतरली, मग साबण. पाण्याचे मलम सर्वांत शेवटी. आणि काहीही केले तरी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक-दोन दिवस पाहिल्याखेरीज तोंडाला लावू नये.

स्वतःपुरते करणारीला कायदा काही विचारीत नाही. विकणारीला विचारतो, आणि याची वार्ता प्रदर्शनांतील फारच थोड्या टेबलांपर्यंत पोचलेली दिसते. 1940 च्या औषध कायद्यात प्रसाधने आली ती 1962 साली. साबण त्यातून वगळला होता, तोही 1982 च्या दुरुस्तीने आत आला. 2020 साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले. विक्रीसाठी प्रसाधन तयार करावयाचे तर राज्याच्या औषध प्रशासनाचा परवाना, योग्य जागा आणि देखरेखीला तांत्रिक शिक्षण घेतलेली व्यक्ती हवी. वेष्टनावर घटक, घाण्याचा क्रमांक, मुदत आणि परवान्याचा क्रमांक हवा. बरणीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिले की यातून सुटका होते, हाही एक गोड गैरसमज आहे. त्याला निराळा परवाना लागतो.

हे नियम अनाठायी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलीच्या गालाला ते मलम लागते तिला ते कारखान्यात झाले की चुलीवर, याने फरक पडत नाही. परंतु लोणचे विकणाऱ्या बाईला 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली केवळ नोंदणीची सोपी वाट आहे, आणि तीच बाई शंभर डब्या ओठांचे मेण विकू लागली की तिच्यापुढे कारखानदाराचाच अर्ज येतो, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. परिणाम असा की नियम कागदावर कडक राहतो आणि बाजारात कोणीच तो पाळीत नाही. सरकारी मंडपात, सरकारी फलकाखाली, विनापरवाना मलम विकले जाते. उद्घाटन करणारे पाहुणे ते हाती धरून छायाचित्रही काढून घेतात.

यातून वाट काढणे अवघड नाही, कारण ती नियमांतच आहे. परवानाप्राप्त असलेल्या दुसऱ्याच्या जागेत आपला माल तयार करून घेण्यासाठी ‘लोन लायसन्स’ मिळते. शासनाने एक सामायिक केंद्र उभारून त्याचा परवाना घ्यावा, तेथे एक रसायनशास्त्राची पदवीधर नेमावी, आणि गटांनी आपापल्या पाळीने तेथे येऊन साबण व मलमे करावीत. शिकवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पणजीत औषधनिर्मितीचे शिक्षण 1842 पासून चालत आले आहे. वेर्ण्याच्या कारखान्यांत परदेशी जाणारी औषधे तयार होतात. म्हैसूर संस्थानाकडे जगात नावाजलेले चंदन होते, तरी 1918 साली बंगळुरात सुरू झालेल्या आपल्या साबण कारखान्यासाठी त्याने एस. जी. शास्त्री यांना ती विद्या शिकावयास इंग्लंडला पाठवले होते. आपल्या भगिनींना बांबोळीपर्यंत किंवा पणजीपर्यंतच जावयाचे आहे. महिन्यातून एक दिवस औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने अशा गटांच्या बरण्या नाममात्र शुल्कात तपासून द्याव्यात, आणि दोष निघाल्यास नोटीस पाठवण्याआधी तो कसा दूर करावा ते सांगावे. आमच्या घरची ती बरणी आम्ही कचऱ्यात टाकली. ज्या बाईंनी ती केली त्यांना तिचे काय झाले हे आजतागायत ठाऊक नाही, आणि पुढच्या प्रदर्शनात त्या पुन्हा तेच मलम घेऊन बसतील. आरंभ एका केंद्राने झाला तरी पुरे. सर्व तालुक्यांचा आराखडा तयार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.