रोवणी मंजुरीसाठी थांबत नाही

गोंदिया म्हटले की बाहेरच्यांना फक्त धान आठवते. इथल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानशेतात, मात्र धानासोबत धुऱ्यावर तूर असते, बांधीला पाणी देणाऱ्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मासळी असते आणि धान कापणीला दोन-तीन आठवडे उरले असताना उभ्या पिकात ओल्या चिखलावर फेकलेली लाखोळी असते. या लाखोळीला नांगरट लागत नाही, वेगळे पाणी लागत नाही. जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर ती येते, कोवळ्या पाल्याची भाजी देते, दाण्याची डाळ देते आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीत नत्र साठवते. शाश्वत अन्नव्यवस्थेची चर्चा आज जगभर चालते. तिचा एक जिता नमुना या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकतो आहे. तो टिकवायचा तर इथे राहून, हंगामामागून हंगाम काम करणारे तरुण संशोधक हवेत. त्यांना मिळणारी मदत मात्र शेतीच्या हंगामाकडे पाहून दिली जात नाही, आणि खरे नुकसान तिथेच होते.

लाखोळीचीच गोष्ट पाहा. तिच्यात मज्जासंस्थेला अपाय करणारे द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ तिच्यावर जगलेल्यांचे पाय लुळे पडले. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो लागू केला. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ हे कमी विषारी वाण दिले, पण त्याला कित्येक दशके लागली. तेवढ्याने प्रश्न संपलेला नाही. हे द्रव्य वाणावर जसे अवलंबून असते, तसेच ते माती आणि पाण्याच्या ताणावरही अवलंबून असते. म्हणजे जिल्ह्यातल्या सालेकशाच्या बांधीत, भारी धानाच्या मागे, पाऊस लवकर आटोपलेल्या वर्षी दाण्यात ते किती उतरते, हे तिथेच आणि अनेक वर्षे मोजावे लागेल. रायपूरचे उत्तर इथे जसेच्या तसे लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. गादमाशी आणि तुडतुड्यांचा कमी फवारणीत बंदोबस्त, बांधीत सतत साचलेल्या पाण्यातून निघणारा मिथेन, सारस पक्षी ज्या धानात घरटे करतो तिथली कीटकनाशके, हे प्रश्नही याच जातीचे आहेत.

आता वेळापत्रक पाहू. धानाचे पऱ्हे (रोपे) जूनमध्ये टाकले जातात, रोवणी जुलैत होते. अधिछात्रवृत्तीची मंजुरी ऑगस्टमध्ये हाती पडली तर प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याचे दोन महिने जातात. शेतावर काम करणाऱ्याचे अख्खे वर्ष जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये केली, हे चांगलेच झाले. पण बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी वारंवार आंदोलने करावी लागली, हेही या राज्याने पाहिले आहे. एका वर्षाच्या पावसावरून निष्कर्ष काढता येत नाही. अखिल भारतीय समन्वित चाचण्यांतही धानाचा वाण साधारण तीन वर्षे पारखला जातो. ज्याचा पहिला खरीप कागदपत्रांत आणि शेवटचा प्रबंध लिहिण्यात जातो, त्या संशोधकाच्या हाती काय उरते? तो मग सोपा, बंद खोलीत उरकणारा विषय घेतो. त्याला दोष देता येणार नाही.

पीएचडी करून साधणार काय, असा सवाल डिसेंबर २०२३ च्या विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात सरकार पक्षाकडूनच केला गेला. कपाटात धूळ खाणारे प्रबंध पुष्कळ आहेत, हे मान्य. पण त्यावर उपाय विषय शेताशी जोडणे हा आहे, अधिछात्रवृत्तीला कात्री लावणे हा नाही. दुसरा आक्षेप असा की, हाच पैसा शेतकऱ्याला थेट द्यावा. धानाला हेक्टरी २० हजार रुपयांचे प्रोत्साहन, दोन हेक्टरच्या मर्यादेत, राज्याने दिले आणि त्याची गरज होती. मात्र ती रक्कम त्या वर्षाचा तोटा भरून काढते, पुढच्या वर्षीची कीड थोपवत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतकरी स्वतःच संशोधक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवड करत करत एचएमटी धान सिद्ध केले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाने बेशरम ही उपद्रवी वनस्पती उपटून तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्या आपल्या परंपरागत ज्ञानावर. पण म्हणूनच तरुण अभ्यासक हवेत. दादाजींच्या वाणातून कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ काढला. २०१८ मध्ये दादाजी गेले ते हलाखीतच. शेतकऱ्याच्या निरीक्षणाची पहिल्या दिवसापासून त्याच्या नावाने नोंद ठेवणारा माणूस गावात असता, तर दादाजींचे श्रेय इतके सहज निसटले नसते.

काय करायचे ते अवघड नाही. शेतावरच्या संशोधनाची अधिछात्रवृत्ती महिन्यांत न मोजता खरिपांत मोजावी आणि किमान तीन पूर्ण खरिपांची हमी द्यावी. हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आणि शेजारच्या जिल्ह्यातले साकोलीचे कृषी संशोधन केंद्र इथे या मुलामुलींसाठी राहण्याची सोय आणि चाचणीची बांधी राखून ठेवावी. पीएचडीनंतर त्यांना जिल्ह्यात थांबता यावे म्हणून कृषी विद्यापीठांतली रिक्त पदे भरावीत. आणि यातले काहीच लगेच जमत नसेल, तर राज्य सरकारने निदान एक करावे: येत्या हंगामाची मंजुरीपत्रे ३१ मेच्या आत द्यावीत.