लॅबच्या कुलपाची किल्ली

शाळांना जुने संगणक दान करणाऱ्यांचे शुक्रिया मानावेत तेवढे कमी. पण कंपन्यांच्या महागड्या मशीनमध्ये इंटेलच्या व्हीप्रोसारखी सोय असते. विंडोज कोसळली तरी दूर बसलेला माणूस मशीन चालू-बंद करतो. आपल्या वाट्याच्या साध्या डब्यांत ती नसते. तिथे एनीडेस्क चालते, तेही विंडोज सुरू असेल तोवरच. मग दुरुस्तीवाला येईपर्यंत लॅबला कुलूप. रोशनगेट-किराडपुऱ्यातला मुलगा सायबर कॅफेत तरी जातो. त्याच्या बहिणीला घरून परवानगी कुठे मिळते? (हा खरा तर वेगळ्या लेखाचा विषय.)

काही उपाय तर फुकट आहेत. बायोसमध्ये 'वेक ऑन लॅन' सुरू केले की नेटवर्कवरून एक छोटा संदेश बंद मशीनला जागे करतो. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही बहुतेक वेळा तिथेच असतो. व्हेयॉन हे मोफत सॉफ्टवेअर घातले तर शिक्षकाच्या टेबलावरून सगळे पडदे दिसतात. विंडोजच उघडत नसेल तर रास्पबेरी पायवर चालणारा पायकेव्हीएम बाहेरून जोडता येतो. याला मात्र पैसे लागतात, पण अख्ख्या लॅबला एक पुरे.

पासवर्ड मुख्याध्यापकांकडेच राहू द्या. एनीडेस्कवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. तरी आपण फोनवरच्या कुणालाही तो नंबर वाचून दाखवतो! त्यापेक्षा नववीच्या दोन मुलींना हे सगळे शिकवा. पुढच्या वर्षी त्या आठवीच्या मुलींना शिकवतील.